खोक्यावरचे नाव

संयुक्त राष्ट्रसंघाची एक यादी आहे. जहाज, रेल्वे, ट्रक किंवा विमान यांनी जो माल जातो आणि ज्याच्यापासून माणसाला किंवा वाहनाला धोका संभवतो, त्या मालाला या यादीत एक चार आकडी क्रमांक आणि एक ठरलेले नाव असते. पेट्रोल, क्लोरीन, नायट्रिक ॲसिड ही अपेक्षित मंडळी तिच्यात आहेतच. पण यादी सावकाश चाळली तर घरातली ओळखीची माणसे परक्या गावात भेटावीत तशा काही वस्तू भेटतात. १३६३ या क्रमांकावर सुके खोबरे आहे. २७१७ वर कृत्रिम कापूर, १९४४ वर काडेपेटी, २९६९ वर एरंडी. आणि १३२७ वर गवत आणि पेंढा यांच्या शेजारी चक्क 'भुसा' बसलेला आहे. यादी इंग्रजी आहे, लिपी रोमन आहे, पण शब्द आपल्या खळ्यावरचा आहे.

खोबऱ्यासारखा निरुपद्रवी पदार्थ या यादीत का असावा? दिवाळीच्या चिवड्यातल्या चार कापांनी कुणाचे काही बिघडत नाही. पण पोती भरून एकत्र रचलेल्या खोबऱ्याची गोष्ट वेगळी. त्यातले तेल हवेतल्या प्राणवायूशी हळूहळू संयोग पावत असते आणि त्यातून थोडी थोडी उष्णता निघत असते. ढीग मोठा असला आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर ती आतच साठत जाते आणि बाहेरून काडी न लावताही माल पेटू शकतो. तेलकट सरकी-कापसाच्या चिंध्या, ओला कापूस हेही याच कारणासाठी यादीत आहेत. कोकणातल्या वखारवाल्याला किंवा खानदेशातल्या जिनिंगवाल्याला यात नवीन काही नाही. नवीन आहे ते एवढेच, की त्याच्या अनुभवाला आता एक जागतिक क्रमांक मिळाला आहे.

मालवाहतुकीच्या कागदपत्रांशी माझा बरीच वर्षे संबंध आला. त्या कागदांत 'डीजी', म्हणजे 'डेंजरस गुड्स', हे दोन अक्षरांचे नाव दिसले की गोदामातले सगळेच जरा सावध होतात. हे नियम आले कुठून, या कुतूहलापोटी मी त्यांचा इतिहास वाचू लागलो. वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत गेली. धोकादायक माल विमानाने नेण्याचे शास्त्र रसायनशास्त्रावर उभे असले, तरी त्याचा सगळा भार माल पाठवणाऱ्याच्या शब्दावर आहे. खोके बंद असते. विमान कंपनी ते उघडून पाहत नाही, हमाल पाहत नाही, वैमानिक तर नाहीच नाही. खोक्यावर जे लिहिले आहे तेच आत आहे असे धरून पुढचा सगळा व्यवहार चालतो. हा इतिहास म्हणजे त्या लिहिण्याचा, चुकीचे लिहिण्याचा आणि न लिहिण्याचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात विमानांच्या पुष्कळ आधी होते. एप्रिल १८६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील वेल्स फार्गो या वाहतूक कंपनीच्या कचेरीत एक पेटी आली. ती न्यूयॉर्कहून पनामामार्गे बोटीने आली होती आणि तिच्यातून तेलासारखे काहीतरी पाझरत होते. आत काय आहे याची नोंद कुणाकडेच नव्हती. माल खराब झाला असेल तर भरपाई कुणी द्यायची, हा प्रश्न सोडवण्यासाठी नोकरांनी छिन्नी-हातोडा घेऊन पेटी उघडायला घेतली. आत नायट्रोग्लिसरीन होते. त्या स्फोटात पंधरा माणसे गेली आणि इमारतीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. नायट्रोग्लिसरीन हे तेव्हा अगदी नवे रसायन होते. खाणी आणि रेल्वेचे बोगदे खोदणाऱ्यांना ते हवे होते, पण त्याचा स्वभाव वाहतूक करणाऱ्यांना माहीत नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेत त्याच्या वाहतुकीवर निर्बंध घालणारा कायदा झाला.

या प्रकरणाचा खटला पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. इमारतीच्या मालकाचे म्हणणे होते की, वाहतूक कंपनीने आपण काय वाहून नेतो आहोत हे जाणून घ्यायला हवे होते. १८७२ मध्ये न्यायमूर्ती फील्ड यांनी लिहिलेल्या निकालात न्यायालयाने ते मानले नाही. संशयाला काही कारण नसेल, तर वाहतूकदाराने प्रत्येक पेटीत काय आहे ते शोधून काढावे अशी अपेक्षा कायदा करीत नाही. तशी अपेक्षा केली तर व्यापारच बंद पडेल. निकाल व्यवहाराला धरून होता. पण त्यातून आपोआपच एक दुसरी गोष्ट ठरून गेली. जाणण्याची जबाबदारी वाहणाऱ्यावर नसेल, तर सांगण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर येते. आजचे सगळे नियम या एका वाक्याचा विस्तार आहेत असे म्हटले तरी चालेल.

नायट्रोग्लिसरीनच्या कथेत आणखी एक धडा होता. आल्फ्रेड नोबेल याने ते रसायन कीझेलगूर नावाच्या सच्छिद्र मातीत जिरवले आणि १८६७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. हाच डायनामाइट. रसायन तेच, पण ते कशात भरले आहे यावर त्याचा स्वभाव बदलला. मालाभोवती काय भरायचे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. शंभर वर्षांनी तोच प्रश्न एका विमानाच्या मुळावर आला. त्याच्याकडे वळण्यापूर्वी मुंबईत थोडे थांबावे लागेल, कारण नाव माहीत असूनही काय होऊ शकते याचे उदाहरण आपल्याच बंदरात घडले आहे.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता. ते इंग्लंडहून निघून कराचीमार्गे मुंबईला आले होते. कराचीत त्याच जहाजावर कापसाच्या हजारो गाठी आणि तेलाची पिंपे चढवण्यात आली. दुपारी कापसात आग दिसली. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली, गोदीजवळच्या वस्त्या जळाल्या. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान त्यात कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या जहाजावर काय आहे हे कागदोपत्री लपलेले नव्हते. पण स्फोटकांच्या जहाजाने लावायचे लाल निशाण युद्धकाळामुळे लावलेले नव्हते, आणि जळणारी वस्तू व फुटणारी वस्तू एकाच पोटात शेजारी शेजारी भरली गेली होती. दोन्ही वस्तूंची नावे ठाऊक होती. त्या एकमेकींच्या जवळ येता कामा नयेत हे मात्र कुणी पाळले नव्हते.

महायुद्ध संपल्यावर जगाचा व्यापार वाढला आणि त्याबरोबर रसायनांची ये-जाही वाढली. अडचण अशी होती की, प्रत्येक देशाचे नियम वेगळे होते आणि एकाच देशात रेल्वेचे वेगळे, बोटीचे वेगळे. एका बंदरात ज्या पिंपाला विषारी म्हणत त्याला दुसऱ्या बंदरात नुसते ज्वलनशील म्हणत. संयुक्त राष्ट्रसंघाने त्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली आणि १९५६ मध्ये तिच्या शिफारशी पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्या. नारिंगी मुखपृष्ठामुळे त्या पुस्तकाला 'ऑरेंज बुक' असे नाव पडले. सुरुवातीला सांगितलेली यादी त्यातलीच. त्याच वर्षी विमान कंपन्यांच्या 'आयाटा' या संघटनेनेही विमानातून न्यायच्या निर्बंधित वस्तूंची नियमावली पहिल्यांदा काढली. आज तिची नवी आवृत्ती दरवर्षी निघते आणि डीजीचे काम करणाऱ्या प्रत्येक टेबलावर ती असावीच लागते.

या व्यवस्थेत धोक्याचे नऊ वर्ग आहेत. पहिला स्फोटकांचा, दुसरा वायूंचा, तिसरा ज्वलनशील द्रवांचा, चौथा ज्वलनशील घन पदार्थांचा, पाचवा दुसऱ्याला जळायला मदत करणाऱ्या ऑक्सिडायझरांचा, सहावा विषारी आणि संसर्गजन्य पदार्थांचा, सातवा किरणोत्सारी, आठवा ॲसिडसारख्या दाहक पदार्थांचा आणि नववा यांपैकी कशातच न बसणाऱ्यांचा. या आकड्यांत एक गंमत आहे. पहिला वर्ग सर्वात धोकादायक आणि नववा सर्वात सौम्य असा त्यांचा क्रम नाही. आकडे फक्त धोक्याची जात सांगतात. धोका किती तीव्र आहे हे सांगण्यासाठी बऱ्याच वर्गांत 'पॅकिंग ग्रुप' असतो : पहिला म्हणजे मोठा धोका, दुसरा मध्यम, तिसरा कमी. त्यावरून पेटी किती मजबूत हवी ते ठरते. नमुन्याची पेटी उंचावरून टाकून पाहतात. पहिल्या गटासाठी ती १.८ मीटरवरून पडली तरी आतला माल सांडता कामा नये, दुसऱ्यासाठी १.२ मीटर, तिसऱ्यासाठी ०.८ मीटर. विमानाची म्हणून आणखी एक अट असते. विमान वर चढले की भोवतालचा दाब कमी होतो आणि जमिनीवर घट्ट बसलेले बूच आतून ढकलले जाते. म्हणून द्रव पदार्थांची बाटली दाबातला फरक सोसणारी लागते.

वर्ग, क्रमांक, नाव, पॅकिंग ग्रुप, पेट्यांची संख्या, प्रत्येकीतले वजन हे सगळे पाठवणारा एका कागदावर लिहितो. दोन्ही कडांना लाल तिरप्या रेघा असलेला हा कागद म्हणजे 'शिपर्स डिक्लरेशन'. खाली तो सही करतो की, मालाचे वर्णन पूर्ण आणि अचूक आहे. विमान कंपनीचा माणूस तपासणीची यादी घेऊन एकेक प्रश्न वाचत जातो. एका जरी प्रश्नाला 'नाही' असे उत्तर आले तरी माल परत जातो. सगळे जुळले तर पेटी विमानात चढते आणि ती कुठे ठेवली आहे याचा कागद उड्डाणापूर्वी कॅप्टनच्या हाती दिला जातो. आकाशात धूर दिसला तर आपल्या पाठीमागे काय जळत असेल हे त्याला कळावे म्हणून.

३ नोव्हेंबर १९७३ रोजी हे सगळे नियम कागदावर होतेच. त्या दिवशी पॅन ॲम कंपनीचे बोइंग ७०७ मालवाहू विमान न्यूयॉर्कहून स्कॉटलंडमार्गे फ्रँकफर्टला निघाले. त्यात सात टनांच्या आसपास रसायने होती, आणि त्यांत कॅलिफोर्नियाहून स्कॉटलंडमधल्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यासाठी चाललेल्या नायट्रिक ॲसिडच्या बाटल्या होत्या. उड्डाणानंतर सुमारे अर्ध्या तासाने विमानात धूर आल्याचे वैमानिकांनी कळवले. ते मागे फिरले. धूर वाढत गेला तसे त्यांनी बोस्टनकडे वळायचे ठरवले. लोगन विमानतळाच्या धावपट्टीच्या अलीकडेच विमान कोसळले आणि त्यातले तिघेही मरण पावले.

तपास करणाऱ्यांना आगीचा उगम अगदी निर्विवादपणे सिद्ध करता आला नाही. पण त्यांचा निष्कर्ष नायट्रिक ॲसिडकडे बोट दाखवणारा होता. ॲसिडच्या काचेच्या बाटल्या लाकडी पेट्यांत ठेवून भोवती लाकडाचा भुसा भरलेला होता. काच फुटू नये म्हणून आपल्याकडेही चिनी मातीची भांडी भुशात बांधतात, तसाच साधा विचार त्यामागे असावा. पण नायट्रिक ॲसिड नुसते जाळणारे ॲसिड नाही. ते ऑक्सिडायझरही आहे. भुशाला ते स्वतःच प्राणवायू पुरवते आणि पेटवते. तिथे न जळणारे भरण हवे होते. प्रयोगात ॲसिड भुशावर सांडले तेव्हा आधी धूर आला आणि मग आग लागली. नोबेलच्या मातीने जे साधले होते त्याच्या नेमके उलटे या भुशाने केले.

मला या अहवालातला सर्वात महत्त्वाचा भाग रसायनाचा वाटत नाही. तपास मंडळाने कारणांमध्ये असेही नोंदवले की, नियम सर्रास पाळले जात नव्हते. ते इतके गुंतागुंतीचे होते आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना त्यांची ओळखच नव्हती. देखरेख अनेक खात्यांत वाटलेली होती आणि अपुरी होती. म्हणजे पुस्तक होते, पण पेटीत भुसा भरणाऱ्या माणसापर्यंत ते पोचले नव्हते. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने धोकादायक मालाच्या वाहतुकीचा नवा कायदा संमत केला. आंतरराष्ट्रीय पातळीवर 'इकाओ' या संयुक्त राष्ट्रसंघाच्या विमान वाहतूक संस्थेने १९८१ मध्ये शिकागो कराराला अठरावे परिशिष्ट जोडले आणि १ जानेवारी १९८४ पासून ते लागू झाले. तोवर विमान कंपन्यांनी आपसात मान्य केलेले नियम होते. आता ते सरकारांवर बंधनकारक झाले. पाठवणारा, पॅक करणारा, स्वीकारणारा, चढवणारा अशा प्रत्येकाला प्रशिक्षण सक्तीचे झाले. भारतात स्फोटकांचा कायदा १८८४ पासून आहे आणि त्याची अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. विमानाने जाणाऱ्या धोकादायक मालासाठी मात्र स्वतंत्र नियम २००३ मध्ये आले.

तरीही शब्दांची फसगत थांबली नाही. ३ फेब्रुवारी १९८८ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचे प्रवासी विमान नॅशव्हिलला उतरत असताना प्रवाशांच्या पायाखालची जमीन तापू लागली. खाली सामानाच्या कप्प्यात कापडावर प्रक्रिया करण्याच्या रसायनांचे एक पिंप होते. त्यातले हायड्रोजन पेरॉक्साइड गळून दुसऱ्या रसायनात मिसळले होते. पिंपात काय आहे हे जाहीर केलेले नव्हते. विमान उतरले, सगळे वाचले. प्रवासी विमानांचे असे बरेच कप्पे त्या काळी हवाबंद असत आणि त्यांत धुराची सूचना देणारे यंत्र नसे. आग लागलीच तर आतला प्राणवायू संपून ती विझेल, असा हिशेब होता. नॅशव्हिलचा धडा घेऊन तपास मंडळाने अशा कप्प्यांत धूरसूचक आणि अग्निशामक यंत्रणा बसवावी असे सुचवले. नियामक खात्याने खर्चाच्या मानाने फायदा दिसत नाही म्हणून ते मानले नाही.

आठ वर्षांनी, ११ मे १९९६ रोजी, व्हॅल्यूजेट कंपनीचे डीसी-९ विमान मायामीहून अटलांटाला निघाले आणि दहा मिनिटांत एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले. त्यातली ११० माणसे गेली. पुढच्या कप्प्यात पाच खोकी आणि काही टायर होते. खोक्यांत दुसऱ्या विमानांतून काढलेले ऑक्सिजन जनरेटर होते. विमानातला दाब गेला तर प्रवाशांच्या मुखवट्यांना प्राणवायू पुरवणारे हे छोटे डबे असतात. दोरी ओढली की आतले रसायन पेटते, प्राणवायू बाहेर पडतो आणि डबा कित्येक मिनिटे भट्टीसारखा तापतो.

या दुर्घटनेचे कागद वाचताना भाषेवर प्रेम करणाऱ्या माणसाला हुरहूर लागावी. दुरुस्ती करणाऱ्या कंपनीतले हे डबे 'मुदत संपलेले' होते. मुदत संपलेले म्हणजे आता बदलायला हवेत असे, पण आतले रसायन शाबूत असलेले. कामाच्या सूचनेत लिहिले होते की, डबा 'वापरून संपलेला' नसेल तर त्यावर सुरक्षा टोपी बसवा. इंग्रजीतले हे दोन्ही शब्द एका अक्षराने सुरू होतात आणि घाईत एकसारखेच वाटतात. टोप्या बसवल्या गेल्या नाहीत, कारण त्या दुकानात उपलब्धच नव्हत्या. तरी त्या बसवल्याच्या जागी सह्या झाल्या. डबे खोक्यांत गेले, खोकी पाठवायच्या मालात गेली, आणि पाठवताना कागदावर लिहिले गेले : ऑक्सिजनचे डबे, 'रिकामे'. मुदत संपलेले, वापरलेले, रिकामे. तीन हातांतून जाताना शब्द असा घसरत घसरत आपल्या विरुद्ध अर्थापाशी येऊन थांबला. शेवटच्या कागदावर जो शब्द होता तो वाचून कुणाला शंका यायचे कारण उरले नव्हते.

प्राणवायू संपून आग विझेल हा त्या कप्प्याचा हिशेब होता, आणि आत पेटलेली वस्तूच प्राणवायू तयार करीत होती. त्यानंतर मात्र नियम बदलला आणि प्रवासी विमानांच्या या कप्प्यांत धूरसूचक व अग्निशामक यंत्रणा सक्तीची झाली. आठ वर्षांपूर्वी जो खर्च परवडत नव्हता तो ११० माणसे गेल्यावर परवडू लागला. दुरुस्ती कंपनीवर फौजदारी खटला भरला गेला, पण वरच्या न्यायालयात बहुतेक आरोप टिकले नाहीत. रासायनिक ऑक्सिजन जनरेटरला यादीत ३३५६ हा स्वतंत्र क्रमांक आणि स्वतःचे नाव मिळाले. हे नाव आता 'ऑक्सी डबे' असे कुणाला मनाप्रमाणे आखूड करता येत नाही. ठरलेल्या नावाचा एवढा आग्रह का, असे नवशिके नेहमी विचारतात. मला वाटते, हे त्याचे उत्तर आहे.

आजचा प्रश्न आपल्या खिशातला आहे. लिथियम बॅटरी पेटते तेव्हा तिची उष्णता शेजारच्या बॅटरीला पेटवते आणि ती पुढच्या बॅटरीला. ३ सप्टेंबर २०१० रोजी यूपीएस कंपनीचे बोइंग ७४७ मालवाहू विमान हाँगकाँगहून येऊन दुबईहून कोलोनला निघाले तेव्हा त्यात ८१ हजारांहून अधिक लिथियम बॅटऱ्या होत्या. वीसेक मिनिटांनी आगीची सूचना मिळाली. परत फिरेपर्यंत विमानाच्या कक्षात इतका धूर झाला की, वैमानिकांना समोरचे आकडे दिसेनात. दोघेही मरण पावले. तपासात आढळले की, निदान तीन खेपांमधल्या बॅटऱ्या नवव्या वर्गात जाहीर व्हायला हव्या होत्या आणि त्या तशा जाहीर झालेल्या नव्हत्या. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये कोरियाच्या जेजू बेटाजवळ एशियाना कंपनीचे मालवाहू ७४७ आगीमुळे समुद्रात पडले. त्यातही लिथियम बॅटऱ्या होत्या आणि त्यातलेही दोघे वैमानिक वाचले नाहीत.

१ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यावर बंदी आली. मालवाहू विमानातही त्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त भारलेल्या चालत नाहीत, कारण भार कमी असेल तर आगीचा जोरही कमी असतो. यादीत सुटी बॅटरी ३४८० आहे आणि उपकरणासोबतची किंवा उपकरणात बसवलेली ३४८१. वस्तू तीच, पण कशात आहे यावर तिचे नाव बदलते. नायट्रोग्लिसरीन आणि माती, ॲसिड आणि भुसा यांचीच ही पुढची ओळ आहे.

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, इतका धोका असेल तर असला माल विमानाने न्यायचाच कशाला? याचे उत्तर नवी मुंबईत वाशीला आहे. अणुऊर्जा विभागाची 'ब्रिट' ही संस्था तिथून देशभरातल्या रुग्णालयांना किरणोत्सारी समस्थानिके पुरवते. तपासण्यांसाठी लागणारे टेक्नेशियम ज्यापासून मिळते त्या मॉलिब्डेनमचे अर्धे आयुष्य ६६ तासांचे असते. थायरॉइडच्या कर्करोगावर देतात ते आयोडीन आठ दिवसांत निम्मे होते. असा माल रेल्वेने आरामात पाठवता येत नाही. वाटेत तो विरून जातो. शिशाच्या जाड भांड्यात, सातव्या वर्गाचे पिवळे-पांढरे लेबल लावून ती पेटी विमानात चढते आणि दुसऱ्या दिवशी गुवाहाटीच्या किंवा कोचीच्या रुग्णाला औषध मिळते. अशा पेटीवर कुणी आकडा चुकवला तर तिच्याजवळ बसणाऱ्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते. आकडा बरोबर असेल तर तीच पेटी कुणाचा जीव वाचवते. सरसकट बंदी घातली तर माणसे ती वस्तू दुसऱ्याच नावाने पाठवतील, हेही वरच्या कथांतून दिसले आहे.

मुंबईहून, पुण्याहून, नाशकातून दर दिवाळीत फराळाची खोकी अमेरिकेला, जर्मनीला, आखातात जातात. त्यांत चकल्या, लाडू, उटणे यांच्याबरोबर मुलांसाठी एखादे फुलबाज्यांचे पाकीट, पूजेसाठी कापराची डबी, भाच्यासाठी पॉवर बँक, मावशीसाठी अत्तराची बाटली ठेवण्याचा मोह होतो. कुरियरच्या काउंटरवरचा मुलगा विचारतो, "काय आहे यात?" फुलबाजी पहिल्या वर्गात आहे, कापूर चौथ्यात, अत्तर बहुधा तिसऱ्यात आणि पॉवर बँक नवव्यात. आपण म्हणतो, "काही नाही, फराळ आहे," आणि तो तसेच लिहितो. १८७२ च्या निकालानुसार त्याने आपल्यावर विश्वास ठेवण्यात काही गैर नाही. ते खोके ज्या विमानात चढणार आहे त्याच्या कॅप्टनच्या हातातल्या कागदावरही मग त्यातले काहीच नसेल.